एका टोकावर टांगलेलं कपाट

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला राहायला आल्यापासून मला जुन्या फर्निचरच्या लिलावांना जायचा नाद लागला आहे. फिरती पुस्तक-कपाटं तिथे अधूनमधून दिसतात आणि बहुतेक वेळा ती इंग्लिश असतात: महोगनीची, अंगावर फिकट लाकडाच्या बारीक रेघा जडवलेली, सातव्या एडवर्डच्या काळातली. अमेरिकन त्याहून कमी. ओहायोतल्या कँटन गावच्या जॉन डॅनरने १८७०च्या दशकात अशा कपाटाचं पेटंट घेतलं आणि ती कारखान्यात बनू लागली. डच बनावटीचं मात्र मी तोवर एकही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. त्यामुळे एका लिलावाच्या यादीत ‘ओक, फिरतं, नेदरलँड्स, सुमारे १९१०’ असं वाचलं आणि पाहणीच्या दिवशी दार उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले.

कपाट कमरेच्या थोडं वर येईल एवढं. तीन मजले, चौरस, चारही बाजूंनी उघडं. कोरीव काम कुठेही नाही. उभ्या खांबांची कुसवं, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, वरच्या चौकटीतून आरपार बाहेर आलेली, त्यांत आडव्या खुंट्या ठोकलेल्या आणि हे सगळं उघड्यावर, कुणालाही दिसेल असं. नजरेला सजावट म्हणावी अशी एकच गोष्ट: वरच्या फळीच्या चारही कडांना बसवलेले आबनुसाचे काळेभोर छोटे चौकोन. ते लाकूड मकासर आबनूस असल्याचं पुढे कळलं. ते सुलावेसी बेटावरचं, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीतलं. आपल्याकडे विडीसाठी ज्याची पानं तोडतात त्या तेंदूच्याच कुळातलं हे झाड. त्याची फिकट तपकिरी रेघ जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

हा साधेपणा त्या काळातल्या एका आग्रहातून आलेला आहे. ॲम्स्टरडॅमचं शेअर बाजाराचं भवन बांधणारे हेंड्रिक पेट्रस बेर्लाखे आणि त्यांचे सहकारी म्हणत की वस्तू कशी जोडली आहे ते झाकायचं नाही, सांधा हीच तिची शोभा. १९०० साली त्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये ‘’त बिनेनहाउस’ नावाचं दुकान काढलं. तिथलं फर्निचर याच विचाराने घडलेलं असे. माझ्या कपाटावर शिक्का नाही, कुणाची पट्टी नाही, त्यामुळे ते कुणी केलं हे मी सांगणार नाही. ते त्या विचाराच्या हवेत वाढलेल्या एखाद्या चांगल्या सुताराने केलं, एवढं त्याच्या सांध्यांवरून कळतं.

पुस्तकांची मांडणी बघून मी तिथेच थबकले होते. प्रत्येक मजला ४८ सेंटिमीटरचा चौरस. त्यात चार कप्पे, एकेक कप्पा ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर खोल. पण ते समोरासमोर ठेवलेले नाहीत, एकाच्या शेपटाला दुसऱ्याचं डोकं लागावं असे फिरवून लावलेले आहेत. कोणत्याही बाजूने उभं राहिलात तर एका कप्प्यातल्या पुस्तकांचे कणे दिसतात आणि शेजारी पुढच्या कप्प्याची उभ्या बेलपट्ट्यांची, म्हणजे अरुंद लाकडी पट्ट्यांची, भिंत. असे चार कप्पे फिरवून बसवले की मधोमध १२ सेंटिमीटरचा चौकोन रिकामा उरतो. त्या रिकाम्या जागेतून कपाटाचा खांब वर जातो. कागद-पेन्सिल घेऊन मांडून बघा, इंचभरही जागा वाया जात नाही. एका मजल्यावर १२० सेंटिमीटर पुस्तकं राहतात, तीन मजल्यांवर साडेतीन मीटरहून जास्त आणि जमिनीवरची जागा मात्र अर्ध्या मीटरच्या आत.

हाताने हलकंच ढकललं तर कपाट फिरलं, पण पाव फेरा झाल्यावर खालून खरवडल्यासारखा आवाज आला आणि ते एका बाजूला कलून थांबलं. एका कोपऱ्यात खालच्या सांध्यापाशी लाकूड निळसर काळं पडलं होतं, एक बेलपट्टी गायब होती. या दोषांमुळेच बोली फार चढली नाही. इथे नवख्यांसाठी सांगून ठेवते, बोलीचा आकडा म्हणजे किंमत नव्हे. त्यावर लिलावघराचं कमिशन बसतं, माझ्या बाबतीत ते बोलीच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त होतं. बोली लावायच्या आधी हा हिशेब डोक्यात पक्का हवा.

दुरुस्तीसाठी मी हार्लेमजवळच्या एका वयस्क कारागिरांकडे गेले. जुनं फर्निचर दुरुस्त करण्यातच त्यांचा जन्म गेला आहे. मला काम शिकायचं आहे हे ऐकल्यावर त्यांनी अट घातली: शनिवारी यायचं, सांगतील तेवढंच करायचं, आणि परत निघणार नाही असं काहीही लाकडाला लावायचं नाही. ही शेवटची अट त्यांनी पुढे अनेकदा उच्चारली. त्यांच्या मते आपल्या हातून झालेली दुरुस्ती पुढच्या माणसाला काढता आली पाहिजे, कारण त्याच्याकडे आपल्यापेक्षा चांगली माहिती असू शकते.

पहिलं काम कपाट खांबावरून उचलण्याचं. दोघांनी दोन बाजूंनी धरलं, सरळ वर उचललं आणि सगळा सांगाडा एखाद्या टोपीसारखा निघून आला. खाली उरला बीच लाकडाचा जाड खांब, क्रॉसच्या आकाराच्या ओकच्या पायावर घट्ट बसवलेला. खांबाच्या माथ्यावर पोलादाची बोटाएवढी खीळ, टोक गोलसर घासलेलं. कपाटाच्या वरच्या फळीखाली एक जाड आडवं लाकूड होतं आणि त्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी कांस्याची वाटी बसवलेली होती. खिळीचं टोक त्या वाटीत बसतं. बस्स, बेअरिंग म्हणायचं ते हेच.

मी कल्पना केली होती की कपाट खालच्या चाकांवर किंवा चकतीवर टेकलेलं असेल. तसंही करतात, पुष्कळ कपाटांत तसंच असतं. इथे मात्र सगळं कपाट वरच्या टोकावर टांगलेलं होतं. यामागची बुद्धी कारागिरांनी मला बोटाने दाखवून समजावली. भार ज्या बिंदूवर तोलला आहे तो वर आणि पुस्तकांचं वजन त्याच्या खाली, म्हणजे कपाट आपोआप सरळ राहायला बघतं. शिवाय घासणारी जागा अगदी आसापाशी, खिळीच्या टोकावर. घर्षण असलं तरी त्याला फिरणं अडवायला लांब दांडा मिळत नाही. मीटरभर पुस्तकांचं वजन २० ते ३० किलोच्या आसपास धरलं तर भरलेल्या कपाटात ८०-१०० किलो त्या टोकावर असतात आणि तरी ते एका बोटाने फिरतं. खालच्या फळीला खांबाभोवती एक भोक आहे, त्याला आतून चामड्याचं अस्तर. त्याचं काम फक्त कपाट डोलू न देण्याचं.

हे कळल्यावर सांध्यांकडे बघायची माझी नजरच बदलली. साध्या कपाटात उभे खांब दाबले जातात, फळ्यांचं वजन त्यांच्यावरून खाली जमिनीत उतरतं. टांगलेल्या कपाटात उलटं: खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांचं वजन कोपऱ्यांतल्या खांबांमधून वर चढतं आणि प्रत्येक सांधा ओढला जातो. नुसत्या सरसावर, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदावर, विसंबून असा सांधा शंभर वर्षं टिकत नाही. म्हणून त्या आरपार आलेल्या कुसवांत खुंट्या. त्यासुद्धा सरळ भोकात ठोकलेल्या नाहीत. कुसवातलं भोक चौकटीतल्या भोकापेक्षा केसभर आत पाडायचं, मग खुंटी ठोकताना ती किंचित वाकते आणि कुसवाला खाचेत ओढून धरते. कारागिरांनी एक सैल खुंटी काढून माझ्या तळहातावर ठेवली. शंभरेक वर्षांपूर्वी वाकलेली ती खुंटी अजून तशीच वाकडी होती. उजेडात धरल्यावर रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसल्या, कारण खुंटीचं लाकूड करवतीने कापत नाहीत, रेषेच्या दिशेने फोडतात. कापलं असतं तर रेषा मध्येच तुटल्या असत्या आणि वाकताना खुंटी मोडली असती.

सांधे मोकळे केल्यावर आत पटाशीने मारलेल्या उभ्या रेघा सापडल्या: एका कोपऱ्याला एक, दुसऱ्याला दोन, असं चारपर्यंत. कुसू आणि खाच दोन्हींवर तीच खूण. म्हणजे प्रत्येक कुसू आपल्या आपल्या खाचेसाठी हाताने बेतलेलं होतं, एकाचं दुसऱ्यात चाललं नसतं. मी कोपरा दोनचं कुसू तीनच्या खाचेला लावून बघितलं. ते अर्ध्यावर अडलं.

तो काळा पडलेला कोपरा आधीच्या कुणीतरी केलेल्या दुरुस्तीचा. सांधा सैल झाला म्हणून त्यात पांढरा गोंद भरून पोलादी स्क्रू पिळले होते. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, त्याला ओलसर हवेत लोखंड भेटलं की शाईसारखा काळा रंग तयार होतो. आपले पूर्वज हिरड्याचा काढा आणि हिराकस मिसळून शाई करत, त्यातली रसायनं हीच. स्क्रू काढल्यावर डागावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी ब्रशने लावलं. हे विषारी असतं, हातमोजे आणि चष्मा लावूनच. काळा रंग डोळ्यांदेखत फिका होत गेला, मग साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा पुसून घेतलं. डाग पूर्ण गेला नाही. कारागीर म्हणाले, “इथेच थांब. अजून उजळवलंस तर हा कोपरा बाकीच्या कपाटाला ओळख दाखवणार नाही.” ते बरोबर होतं.

त्या पांढऱ्या गोंदाने फार त्रास दिला. मूळ सांधे सरसाचे होते आणि सरस सोडवणं सोपं: सुईने थोडं अल्कोहोल आत सोडलं की जुना सरस कोरडा, ठिसूळ होऊन कटकन सुटतो, किंवा कोमट पाण्याने मऊ होतो. पांढरा गोंद तसा सुटत नाही. गरम हवा देऊन तो रबरासारखा झाल्यावर बोथट पातीने खरवडत बसावं लागलं आणि तरी लाकडाच्या छिद्रांत तो उरतोच. नवा सरस त्यावर धरत नाही. खाचेच्या आतून पातळ थर तासून तिथे जुन्या ओकची बारीक पाती बसवावी लागली. एका माणसाने पाच मिनिटांत केलेलं काम निस्तरायला सगळ्यात जास्त वेळ गेला. म्हणून मला आता अगदी कळकळीने वाटतं: सरसाने जोडलेली जुनी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला दुकानातला गोंद लावू नका. सांधा हलत असेल तर हलू द्या, जाणत्याला दाखवा.

सरस भिजत घालायचा, डब्यात डबा ठेवून पाण्याच्या वाफेवर ६० अंशांच्या आसपास विरघळवायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की ताकद जाते. वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको. लावल्यावर हात झपाझप चालावे लागतात, कारण थंड व्हायला लागला की तो जेलीसारखा होतो. चारही कोपरे एकाच वेळी जुळवायचे म्हणून आम्ही आधी सरसाशिवाय रंगीत तालीम केली आणि कुणी कोणती खुंटी कधी ठोकायची ते ठरवून घेतलं.

गायब बेलपट्टीसाठी जुनं लाकूड हवं होतं आणि तेही तसंच चिरलेलं. इथे लाकडाच्या चिराईबद्दल थोडं सांगायलाच हवं. ओंडका सरळ फळ्यांत कापला तर रुंद फळ्या भरपूर मिळतात, पण त्या वाकतात. तो आधी उभा चार भागांत फोडून गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या रेषेत कापला तर फळ्या अरुंद निघतात आणि लाकूड वाया जातं. बदल्यात फळी रुंदीला जवळपास निम्मीच आक्रसते. ओकच्या बाबतीत वर आणखी एक देणगी मिळते: लाकडातले आडवे किरण फळीवर चकाकत्या नागमोडी पट्ट्यांसारखे उमटतात. डच लोक त्यांना आरसे म्हणतात. माझ्या कपाटाची प्रत्येक फळी, अगदी खालची कुणाला न दिसणारीसुद्धा, अशाच चिराईची आहे. चिराईचा या देशाला जुना अभिमान आहे. १६व्या शतकाच्या शेवटी आउटखेस्टच्या कोर्नेलिस कोर्नेलिस्झूनने पवनचक्कीच्या फिरत्या आसाला वाकडा दांडा जोडून करवती वरखाली हलवल्या, आणि त्या चक्क्यांच्या जोरावर झान नदीकाठ जहाजबांधणीचं मोठं केंद्र झाला. उत्रेख्तची ‘दे स्तेर’ चक्की आजही वाऱ्यावर लाकूड कापते. तिथे ओंडक्याची गाडी दर फटक्याला तसूभर पुढे सरकताना मी बघत उभी राहिले होते आणि पायाखालची जमीन तालात हलत होती.

पट्टी कारागिरांच्या साठ्यातल्या एका मोडक्या पलंगातून निघाली. आकार जुळला, रंग मात्र फारच फिका. मूळ कपाट अमोनियाच्या वाफेत ठेवून गडद केलेलं होतं, त्या काळी ओकला हे सर्रास करत. आम्ही तेच केलं. प्लास्टिकच्या झाकणबंद पेटीत पट्टी उभी केली, तळाशी बशीत अमोनिया ओतला, झाकण लावून पेटी अंगणातल्या शेडमध्ये ठेवून दिली. कोंदट खोलीत हा प्रयोग करू नये, डोळे आणि छाती जळते. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तेव्हा पट्टी राखाडी, हिरवट, अगदी मेल्यासारखी दिसत होती. मला धडकी भरली. कारागिरांनी काही न बोलता बोटावर थोडं मेण घेतलं आणि पट्टीच्या टोकाला चोळलं. तेवढाच भाग तपकिरी, उबदार होऊन शेजारच्या जुन्या पट्टीशी मिळून गेला. रंग वरून लावलेला नसतो, लाकडातल्या टॅनिननेच तो घडवलेला असतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी खाली फिकट लाकूड डोकावत नाही. जिथे झाडाचा बाहेरचा कोवळा भाग असतो तिथे टॅनिन कमी, तो तसाच पांढरट राहतो. आमच्या पट्टीच्या एका कडेला तशी रेघ उरली होती, ती आतल्या बाजूला फिरवून बसवली.

पॉलिश कोणतं आहे ते आधी तपासलं. खालच्या बाजूला, न दिसेल अशा जागी, अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवला. क्षणभरात पृष्ठभाग चिकट झाला, म्हणजे लाख. लाखेचा पातळ हात आणि त्यावर मेण. ती लाख विरघळवताना कारागिरांनी पोत्यावरचा भारताचा शिक्का मला मुद्दाम दाखवला. आपल्याकडच्या पळस, कुसुम, बोरीवरच्या किड्यांनी केलेली ती राळ, आपले सुतार ज्याला चपडा म्हणतात तीच. लोकरीचा गोळा मऊ सुती कापडात गुंडाळायचा, लाख त्यात मुरवायची आणि हात कुठेही थांबू न देता आठाच्या आकड्यात फिरवायचा. थांबला की तिथेच चिकटून जुना थर उचलला जातो. आम्ही फक्त झिजलेल्या जागी हात दिले. बाकीच्या अंगावर पिढ्यांच्या हातांनी आलेली झळाळी होती, ती पुसून नवी आणण्यात काय हशील?

राहता राहिला तो कलण्याचा दोष. वाटीत जुनं वंगण सुकून राळेसारखं घट्ट झालं होतं आणि खालचं चामडं एका बाजूने झिजून गेलं होतं, खरवडण्याचा आवाज तिथलाच. वाटी स्पिरिटने साफ केली. तिच्या तळाला खिळीने घासून केलेला आरशासारखा गुळगुळीत खळगा होता, तो तसाच ठेवला. थेंबभर नवं ग्रीस, भोकाला झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचं नवं अस्तर, तेही सरसानेच चिकटवलेलं. कपाट पुन्हा खांबावर उतरवलं, ढकललं आणि ते आवाज न करता फिरत राहिलं.

या सगळ्या काळात मी लायडनच्या रापेनबुर्ख कालव्यावरची ‘बिब्लिओटेका तिसियाना’ बघून आले. योहानेस तिसियस या तरुण विद्वानाने आपला ग्रंथसंग्रह लोकांसाठी ठेवला, त्यासाठी १६५५ साली ही इमारत उभी राहिली. आत १७व्या शतकातलं पुस्तकांचं चक्र आहे. त्याचा आस आडवा, पाळण्याच्या चक्रासारखं ते वरून खाली फिरतं आणि फळ्या कायम वाचकाकडे कललेल्या राहतात, म्हणून उघडी पुस्तकं पडत नाहीत. अशा चक्राचं प्रसिद्ध चित्र अगोस्तीनो रामेल्ली या इटालियन इंजिनिअरने १५८८ साली पॅरिसमध्ये छापलेल्या यंत्रांच्या ग्रंथात आहे. दोन्ही वस्तूंचा हेतू एकच, वाचकाने बसल्या जागी राहावं आणि पुस्तकांनी त्याच्याकडे यावं. पण मला माझ्या कपाटाची युक्ती जास्त आवडते. दातेरी चाक नाही, गुंतागुंत नाही, एक खीळ आणि एक वाटी.

घरी आणताना ते तुकड्यांत आणलं. आमचा जिना डेल्फ्टच्या जुन्या घरांचा असतो तसा शिडीसारखा उभा, पण खांब वेगळा आणि सांगाडा वेगळा असल्याने दोन माणसांत काम झालं. आता ते खिडकीपासून आणि हीटरपासून लांब, खोलीच्या मध्याकडे आहे. हिवाळ्यात हवा फार कोरडी झाली की ओक आक्रसतो, म्हणून शेजारी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं आहे. काटा ४० टक्क्यांच्या खाली गेला की खोलीचा हीटर कमी करते.

पुस्तकं लावण्याचंही तंत्र आहे. जड ग्रंथ तळाच्या मजल्यावर, आणि एका बाजूला कोश ठेवले तर समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचं काहीतरी, नाहीतर सगळं कपाट कलून चामड्यावर दाब येतो. माझ्याकडची मराठी पुस्तकं बहुतेक डेमी आकाराची, ती वरच्या दोन मजल्यांत नीट बसली. दिवाळी अंक मोठे, त्यांना फक्त खालचा मजला पुरेसा उंच आहे. तिथे आता त्यांचे चार कप्पे झालेत, समोरासमोरच्या कप्प्यांत सारख्याच जाडीचे गठ्ठे. कारागिरांनी केलेल्या कामाची टिपणं आणि फोटो मी एका पाकिटात घालून खालच्या फळीखाली अडकवून ठेवले आहेत: कोणता सांधा उघडला, कुठे पाती बसवली, कोणती पट्टी नवी, कोणता सरस, कोणती लाख. वाटीतलं ग्रीस काही वर्षांनी पुन्हा साफ करावं लागेल, तेव्हा ते पाकीट आधी उघडायचं, असं नवऱ्यालाही सांगून ठेवलं आहे.